कळंबे साहेब आणि विहारातले गंज

प्रिय बाबा,

कळंबे साहेब चांगला माणूस होता का?

या एका प्रश्नावर आपण दोघांनी किती चहा संपवला! आणि खरं सांगते, मला अजूनही उत्तर देता येत नाही. एलएलबीच्या वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी तुमची पोरगी कळंबेपुढे हात खालीच ठेवते.

आज पत्र लिहायचं कारण असं की सकाळी मी एक काम करून आले. ते कुणाला तरी सांगायचं होतं. ज्याला सांगितल्यावर मनसोक्त भांडता येईल असा माणूस आता घरात उरला नाही. आई भांडत नाही, नुसती बघते.

पण आधी कळंबेचंच बोलू. आपल्या बोलण्याची सुरुवात तिथूनच व्हायची ना?

‘तपास सुरू आहे’ ही मालिका आपल्या नंदनवन वस्तीत आपल्या घराशिवाय कुणी पाहत असेल असं मला वाटत नाही. तिला रविवार दुपारची वेळ दिली होती, सगळे जेवून आडवे होतात ती. तुम्ही मात्र कोरं बनियन घालून, पाहुणे येणार असल्यासारखे टीव्हीसमोर बसायचे. आई म्हणायची, “त्या कळंब्यालेच आना घरी जेवाले! माह्याकडं पाहाले तं फुरसत नाही यायले.”

मागच्या महिन्यात कुणीतरी तिचे सगळे भाग इंटरनेटवर टाकले आणि मी पहिल्यापासून पुन्हा पाहिले. बाबा, किती चांगली होती हो ती! कुणी वळून बघितलं की त्याचं तोंड तीन बाजूंनी दाखवत नव्हते. मागे ढोल नाही, वीज नाही. ठाण्यात एक नळ गळायचा. त्याखालची बादली भरली की शिपाई उठून ती अंगणातल्या लिंबाला ओतून यायचा. तेवढा वेळ संशयितही गप्प आणि साहेबही गप्प. ती बादली कधी भरते याचीच मला धास्ती वाटायची.

आणि भाषा! आपल्याकडचं बोलणारा माणूस मालिकेत आला की तो एक तर घरगडी, नाहीतर हसवायला आणलेला. इथे ठाण्याचा मोठा साहेबच “का?” न म्हणता “काहून?” म्हणायचा, आणि त्या “काहून”ला समोरचा हातातला ग्लास खाली ठेवायचा. पहिल्या भागात तुम्ही मला कोपर मारून म्हणालात, “पाह्य वं सुजे, हा आपल्यावानी बोलून राहिला, अन् कोनी हासून नाही राहिलं!”

त्या वाक्यासाठी तरी त्या मालिकेला कुणीतरी बक्षीस द्यायला हवं होतं.

कळंबेच्या खिशात भाजलेल्या शेंगा असायच्या. आरोपीलाही मूठभर द्यायचा आणि टरफलं स्वतः गोळा करायचा. कुणाच्याही घरात शिरताना बूट काढायचा. खोटा पुरावा ठेवायला गेला तेव्हाही काढले! तिथेच तर आपलं बिनसलं.

वीटभट्टीवरच्या पोरीचा भाग. तिला ठार मारणारा ठेकेदार गावाला माहीत, पण साक्षीला माणूस नाही. कळंबेनं तिचं एक पैंजण ठेकेदाराच्या पेटीत सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी पंचांसमोर ते “सापडलं”. मी ताडकन उभी राहिले.

“बाबा, हा गुन्हा आहे!”

“बस ना खाली, टीव्ही दिसून नाही राहिला.”

“अहो, तो पोलीस आहे!”

“मंग त्या पोरीच्या मायनं काय करावं? घरी बसून तुह्यावानी पुस्तक वाचावं?”

मी रात्रीच्या जेवणापर्यंत तुमच्याशी बोलले नाही. जेवताना तुम्ही माझ्या ताटात वांग्याची मोठी फोड वाढली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, “कळंबे साहेबाकडून.” मला हसू आलं. हसवून जिंकायची तुमची ही सवय फार वाईट होती बाबा!

त्याच भागात पुढे काय होतं, आठवतं? मेलेल्या पोरीची आई कळंबेच्या पाया पडायला येते, आणि तो मागे सरकतो. इतका सरकतो की पाठीला भिंत लागते. त्याला आपण काय केलं ते माहीत होतं. मालिकेनं त्याला शाबासकीही दिली नाही आणि आपल्याला त्याच्यावर चिडूही दिलं नाही. असं लिहायला किती धीर लागत असेल!

मग एका रविवारी त्या वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. तुम्ही केबलवाल्याला फोन लावलात. तो म्हणाला, “काका, कोनी पाहतच नोहतं थे.” तुम्ही ओरडलात, “अबे, मी पाहत होतो ना!”

आता आजचं.

तुमच्यामागे आपल्या बुद्धविहारात चोरी झाली. महिला मंडळाचे भात शिजवायचे मोठे गंज आणि पराती गेल्या. बायांनी वर्गणी काढून घेतलेल्या, तुम्ही इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून ज्यांच्यावर मशीननं नाव टाकलं होतं, त्याच. वस्तीतलं प्रत्येक लग्न त्यांत शिजलं. तुम्ही गेलात तेव्हा पुण्यानुमोदनाचा भातही त्यांतच शिजला.

भांडी एका भंगारवाल्याकडे सापडली. तो म्हणाला, गोलूनं विकली. हा गोलू म्हणजे मागच्या गल्लीतला, मंडपवाल्याकडे काम करणारा. लग्नासाठी भांडी न्यायची असली की विहाराची किल्ली त्याच्याकडेच असायची. तो म्हणतो, भांडी मंडपवाल्याची जुनी होती, त्यानंच विकायला दिली. मंडपवाला म्हणतो, मला काही माहीत नाही. आणि भांड्यांवरची नावं ग्राइंडरनं घासून टाकलेली. नाव टाकणाऱ्याची मुलगी म्हणून ओळख पटवायला काल मला ठाण्यात बोलावलं.

फौजदार तरुण होते, बोलायला गोड. चहा मागवला. एक गंज माझ्यासमोर ठेवला.

“मॅडम, हे तुमच्याच विहाराचे. मले माहीत आहे, तुमाले माहीत आहे, त्या गोलूलेबी माहीत आहे. फक्त कागदाले माहीत नाही.”

“मग आता?”

“वडिलांची मशीन आहे ना घरी?” त्यांनी कड्याखाली बोट फिरवलं. “इथं ग्राइंडर पोचतच नाही. बारीकसं नाव इथं राहून गेलं असं होऊ शकते ना? पंचनामा उद्या लिहू. मंडळाच्या कमलबाईंच्या हातून गंज आज तुमच्या घरी येईन, धुवाले म्हणून.”

“सर, तुम्ही मला काय सांगताय?”

“मी? मी काही म्हटलंच नाही. चहा घ्या ना, थंडा होऊन राहिला.”

आणि बाबा, मला तो माणूस आवडला! हीच तर पंचाईत. त्याला पैसा नको होता. बायांची भांडी परत मिळावीत एवढंच त्याला वाटत होतं. टीव्हीतला कळंबे आपल्यापासून लांब होता, त्याच्यावर ओरडता येत होतं. हा समोर बसून माझ्यासाठी बिस्कीट मागवत होता.

घरी आले तर मंडळाच्या अध्यक्ष कमलमावशी गंज घेऊन ओट्यावर बसलेल्या.

“टाक वं बाई नाव, अन् मोकळी हो.”

“मावशी, मी पाहिलं नाही त्याला चोरताना.”

“चोर का तुले बलावून चोरी करीन? तुहा बाप असता तं आतापावतर टाकून देल्लं असतं!”

“तुम्हाला काय माहीत?”

“अख्ख्या वस्तीले माहीत आहे. एवढी शिकली तं आमच्या काय कामाची तू?”

आई मध्ये पडली नाही. एवढंच म्हणाली, “तू पाह्य बाप्पा.”

आईनं जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली मशीन मी काढली. गंजाला हात लावला नाही. एका झाकणीवर नुसतं करून बघितलं, “महिला मंडळ”. लहानपणी तुमच्याजवळ बसून शिकलेलं हात विसरला असेल असं वाटलं होतं. पण अक्षरं तशीच उतरली, तुमच्यासारखीच किंचित उजवीकडे कललेली. आई मागून बघत होती. “हे तं तुह्या बाबाचंच अक्षर होय,” म्हणाली, आणि झाकणी माझ्या हातातून घेऊन पदरानं पुसत आत गेली.

मला भीती वाटली बाबा. म्हणजे मला जमणार होतं! कुणालाही फरक कळला नसता.

तुम्ही काय केलं असतं? सगळ्या वस्तीला तुमचं मत माहीत आहे. मला नाही, आणि मी तर तुमच्या शेजारी बसून मालिका पाहिली! एकदा एक माणूस दुसऱ्याचं नाव असलेलं पातेलं घेऊन आला, तेव्हा तुम्ही त्याचं नाव खाली टाकून दिलंत. मी विचारलं तर म्हणालात, “माह्यं काम नाव टाकाचं. भांडं कोनाचं, हे मी काहून इचारू?” यावरून वाटतं, टाकलं असतं.

पण मग तो शेवटचा भाग येतो. कळंबे शेतावरच्या एका सालदाराच्या झोपडीत खुनाचा कोयता ठेवायला जातो. म्हातारी आई त्याला पाणी देते. तो पितो, आणि कॅमेरा खाली येतो. त्याच्या पायात बूट आहेत. पहिल्यांदाच काढलेले नाहीत. तिथे भाग संपला आणि मालिकाही. त्या दिवशी मी भांडायला तयार होऊन बसले होते, पण तुम्ही पडद्यावरची नजर न हलवता म्हणालात, “चाय मांड वं.” एवढंच! का भांडला नाहीत? तेव्हाच विचारायला हवं होतं मी.

परत पाहताना मला एक गोष्ट दिसली. वीटभट्टीच्या भागात पहिल्याच दृश्यात आपण ठेकेदाराला त्या पोरीचा खून करताना पाहिलं होतं. म्हणून तुम्हाला कळंबे पटला, आणि मनातून मलाही. शेवटच्या भागात त्यांनी खून दाखवलाच नाही. सालदारानं केला की नाही, ते आपल्याला माहीत नाही, आणि कळंबेलाही नाही. तरी त्याचा हात थांबला नाही, कारण आता त्याला सवय झाली होती. किती शहाण्या माणसांनी लिहिली होती हो ती मालिका! आणि लोक झोपले होते.

गोलूला चोरताना मी पाहिलेलं नाही. मलाही तोच चोर वाटतो. पण नुसता वाटतो! त्या कड्याखाली मी नाव टाकलं असतं तर त्याला तुरुंगात तुमच्या अक्षरानं पाठवलं असतं, आणि तुम्ही तर नाही म्हणायलाही इथे नाही.

तुम्हाला हे पटेल की नाही, माहीत नाही. तुम्ही म्हणाल, “मंग त्या बायायनं काय करावं?” गंज भंगारवाल्याकडेच परत जातील कदाचित. कमलमावशींना अजून सांगायचंय. त्या माझ्याशी बोलणं सोडतील, आणि मला ते फार लागेल, कारण माझ्या पदवीचे पेढे वस्तीभर त्यांनीच वाटले होते.

एक वचन देते. मंडळाची नवी भांडी येतील तेव्हा त्यांच्यावर नाव मी टाकीन, मावशी बोलत असोत वा नसोत. आणि कळंबेवर प्रेम करणं काही सोडणार नाही. दर रविवारी एक भाग बघीन, मध्ये उभी न राहता.

आज सकाळी गंज जसा आला तसा रिक्षात घालून ठाण्यात नेला. फौजदार म्हणाले, “मॅडम, एकदा अजून विचार करा ना.” मी म्हटलं, “सर, झाला.” मग माझ्या हातानं जबाब लिहून दिला: या भांड्यांवर माझ्या वडिलांचं अक्षर मला दिसत नाही. दोनदा वाचला, सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

तुमची,
सुजाता