झाकलेल्या पाळण्याचा फोटो

२ एप्रिल
पोचले एकदाची काराकोलला. नारीनहून निघालेली मिनीबस अशी हादरत होती की उरलेले दात रुमालात बांधावेत असं वाटलं. चिनारा, माझी नात, दारातच हसली, म्हणाली, एवढं लोणी कुणी खायचं? म्हटलं तू, तुझी हाडं पाहुण्यांकडे डोकावताहेत. मला अक्षर येत नाही, म्हणून तिनं फोनला कामाला लावलंय. मी बोलते, तो लिहितो. माझ्या नवऱ्यापेक्षा बरा, मध्ये बोलत नाही.

आम्ही इथं आहोत हे तिच्या नवऱ्याला, तालानला, कळता कामा नये. बाळ पोटात असताना त्यानं तिचा हात मोडला. पुन्हा सापडलीस तर जिवंत सोडणार नाही, असं बजावलंय.

५ एप्रिल
बाळाला चाळीस दिवस व्हायचेत, तोवर तोंड दाखवायचं नाही. पहिल्यांदा बघणाऱ्यानं भेट द्यायची, कोरुंदुक. गावाकडची माझी बहीण गुलसून फोटोसाठी हटून बसली. मी काय खुळी आहे? पाळण्यावर जाड कापड टाकलं, खिडकी टाळली, मागं नुसती भिंत. ती म्हणते अंधूक दिसतं. तिच्या सुनेनं सांगितलं, फोनवरचं कागदाचं चित्र असलेलं बटण दाबून पाठवा, फोटो जसाच्या तसा येईल. पाठवला. चिनारा बेकरीत कामाला गेली होती.

९ एप्रिल
सकाळी कडीला पांढरा रुमाल, त्यात मिठाई. कुणाचं तरी कोरुंदुक. शेजारणीचे आभार मानले तर ती म्हणाली, मी दिलं असतं तर चहा प्यायल्याशिवाय गेले असते का? गंमत वाटली. पाळण्याचा आणखी एक फोटो गुलसूनला पाठवला.

११ एप्रिल
आज कडीला बाळाची टोपी. चिनारानं टाके पाहिले आणि दार लावून घेतलं. तिच्या सासूचा हात. कुणाला सांगितलंस, विचारू लागली. कुणाला नाही, म्हटलं, आणि फोटो दाखवला. तिनं त्यावर बोट वर सरकवलं. खाली नकाशा निघाला, त्यात आमची गल्ली, आमच्या घरावर लाल ठिपका. दिवस, वेळ, सगळं.

"आजी, तू तोंड झाकलंस गं. पत्ता फोटोच्या पोटात राहिला."

गुलसूननं तो जसाच्या तसा भाऊबंदांच्या फोनवरच्या गटात टाकलेला. तालानचा मामा त्या गटात. पोलीस म्हणाले, टोपी देणं गुन्हा नाही.

१२ एप्रिल
गेली. मागच्या कुंपणातून, बाळाला छातीशी बांधून. मलाही चल म्हणाली. या गुडघ्यांनी तुला पकडूनच देईन, म्हटलं. कुठं जातेस ते सांगू नकोस, असंही मीच म्हटलं. बाळाचा वास घेतला. ते माझं बोट सोडेना. मीच सोडवलं.

पाळण्यात लोकरीच्या नमद्याची गुंडाळी ठेवली, वर कापड. गुलसूनला फोटो पाठवला. कागदाचं चित्र दाबून.

१३ एप्रिल
आणखी एक पाठवला. गुलसून म्हणते, किती शांत झोपतं गं.
समोर पॉप्लरच्या झाडाखाली एक माणूस. दिवसभर.
बघ बाबा. इथंच बघत राहा.

१४ एप्रिल
अंगाई म्हणते, त्याला ऐकू जावी म्हणून. पाळणा हलका लागतो— हात फसतो प्रत्येक झोक्याला.
तो फाटकाशी आलाय. तालानच.
"आजी, कोरुंदुक पोचलं ना? आता तोंड दाखव."
झोपलंय, म्हटलं. उद्या ये.

१५ एप्रिल
दुपारी चिनाराचा फोटो आला. बाळ. उघड्या तोंडाचं. मी बोट वर सरकवलं— खाली काही नाही. नकाशा नाही, ठिपका नाही. शहाणी माझी पोर. काच ओली झाली.

कडी वाजतेय— मोडली.
घरात आला. माझ्याकडे बघतही नाही— सरळ पाळण्याकडे—
कापड ओढलं.
कुठं आहेत, विचारतो. हळू बोलतो. ओरडला असता तर बरं—
खरंच माहीत नाही रे, तालान. इतका जीव आहे त्यांच्यावर, आणि मला माहीत नाही.
तोंड तेवढं पाहिलं मी. गालाला खळी आहे. ती कुणावर गेली ते मी तुला कधीच सांगणार ना—