पितळेचा बुश

ताडकळस, सोमवार, दिवेलागण

लय लाज वाटायलीय. ताकाचं दुकान चालवणाऱ्या संगीताताईंच्या घुसळणीच्या मशीनला, दांडा फिरतो तिथं, मी पितळेचा बुश, म्हणजे आतलं कडं, बसवला. आंबट ताकात पितळ हिरवं पडतं, हे मला ठाऊक होतं. पण लेथवर स्टील कातायला चिवट, पितळ पटकन होतं. म्हणून.

आज त्या वर्कशॉपवर आल्या. "भाऊ, ताक कडवट लागायलंय. गिऱ्हाईकं परत चाललीत. माझंच मशीन धुणं कमी पडलं असंल ना?"

मी होय म्हणून मान हलवली.

त्या गेल्यावर जीव लागेना. स्टीलचा बुश कातला आणि दुकान गाठलं. ताई मशीन घासत होत्या, बोटं लाल झालेली. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "पितळाचं जाऊ द्या भाऊ. मघाशी मान कशाला हलवली?"

पितळेचा बुश काढून स्टीलचा बसवला.