शहाण्णव अंश

प्रिय म्हात्रेबाई,

नववीच्या प्रात्यक्षिकाचे मार्क उद्या द्यायचे आहेत. त्याआधी आज जे झालं ते तुम्हालाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील मला.

तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं. रोह्याहून एसटीनं पेणला यायचात, पदर खोचून थेट प्रयोगशाळेत शिरायचात. आणि तो तुमचा बिघडलेला थर्मामीटर! उकळत्या पाण्यातही शहाण्णवच दाखवायचा. परीक्षेला तुम्ही तो मुद्दाम ठेवायचात. शहाण्णव लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी. पुस्तकातलं शंभर लिहिणाऱ्याला पुन्हा प्रयोग.

मला ती मुलांची फसवणूक वाटली. तुमच्याच हाताखाली शिकवायला लागलेली मी, मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी तुमच्याकडून प्रात्यक्षिकं काढून घेतली. "मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं गो," एवढंच म्हणालात. भांडला का नाहीत, बाई?

तुमच्या माघारी तो थर्मामीटर मी स्वतः फोडून टाकला.

आज आठ टेबलं, आठ नवे थर्मामीटर. सगळ्यांच्या वह्यांत शंभर. एकट्या जुईच्या वहीत शहाण्णव. ही मुलगी यंदाच नागोठण्याहून आमच्या शाळेत आली. तुम्हाला तिनं कधी पाहिलेलं नाही.

मी शून्य दिलं.

"मॅडम, मला तेवढंच दिसलं."

"मग पुस्तकात बघून दुरुस्त करायचं ना!"

"खोडणारच व्हते. पण त्या बाई म्हणाल्या, दिसतं तेच लिही गो."

"कोण बाई?"

तिनं माझ्या पाठीमागं बोट दाखवलं. मी वळले. भिंत, आणि परीक्षानळ्यांचं कपाट. जुईची नजर मात्र तिथंच, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. ती घाबरली नव्हती. घाबरले होते मी.

तेवढ्यात मानसी उठली. "मॅडम, माझंपण शहाण्णवच आलं व्हतं. मार्क जातील म्हणून शंभर लिहिलं." मग तिच्या शेजारचा. मग पुढचं टेबल. बघता बघता सगळा वर्ग उभा! सगळ्यांना शहाण्णव दिसलं होतं, आणि माझ्या भीतीनं सगळ्यांनी शंभर लिहिलं होतं.

मुलं गेल्यावर मी आठही थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरले. आठही शंभर. पुन्हा धरले. शंभरच.

तुम्ही होतात का तिथं? माझ्यावर रागावून आलात, की मुलांसाठी?

मला ठाऊक नाही. नोंदवहीत तसंच लिहिलंय: मुलांना शहाण्णव दिसलं, मला शंभर, कारण कळलं नाही. जुईचं शून्य खोडलं. आणि माझी ती तक्रार चुकीची होती, हे उद्या मुख्याध्यापकांना तोंडावर सांगणार आहे. तुम्ही असताना सांगायला हवं होतं!

यापुढे वही हातात घेण्याआधी प्रत्येक मुलापाशी जाऊन विचारीन, "तुला काय दिसलं?" आणि ते सांगून होईपर्यंत लाल पेनाचं टोपण काढणार नाही. शब्द देते, बाई.

तुमची,
सुनीता