दहा लाख एकला भाग जात नाही

३ मार्च, रविवार
सासऱ्यांच्या गणित मंडळात आजही मला फक्त खुर्च्या मांडायला लावल्या. सगळे निवृत्त मास्तर, सरळ रेघ मारायला पट्टी लागते आणि ऐट बघा! ठरलं. २४ तारखेला मी बोलणार. विषय: दहा लाख एक ही मूळ संख्या आहे. म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा तरी ‘शाबास’ काढणारच. लग्न झाल्यापासून वाट बघतोय.

५ मार्च
कृती सोपी. हजाराच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागायचं. कशानेच पूर्ण भाग गेला नाही की जिंकलो. बायको म्हणाली, मोबाइलवर क्षणात कळेल. म्हटलं, मोबाइल आळशांसाठी. सात, अकरा, तेरा, तिघांनाही बाकी दोन. काय रुबाब आहे! कुणाला दाद देत नाही. अगदी माझ्यासारखी.

११ मार्च
सत्त्याण्णव झाली. बाकी अठ्ठावीस. पुढची एकशे एक. म्हणजे खालच्या औषधवाल्याच्या दारावरचा नंबर! माझ्या कुंड्यांचं पाणी त्याच्या गॅलरीत पडतं म्हणून चार लोकांत मला बोलला होता, तेव्हापासून बोलणं बंद. तो आकडा माझ्या कागदावर येणार नाही. असला टिनपाट आकडा दहा लाखांचं काय वाकडं करणार? थेट एकशे तीन.

१२ मार्च
बायको म्हणते, एकही सोडायचा नसतो ना? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने कपाळावर हात मारला. गणित तिच्या डोक्यावरून जातं.

१९ मार्च
नऊशे सत्त्याण्णव! बाकी दहा. संपलं! कुणाची टाप नाही. नवा शर्ट इस्त्रीला दिला.

२४ मार्च, दुपार
सासऱ्यांनी औषधवाल्यालाही बोलावलंय. त्याच्याकडून बीपीच्या गोळ्या घेतात म्हणे. येऊ दे. जळू दे.

२४ मार्च, संध्याकाळ
झकास बोललो. सासरे मान डोलवत उठले, ‘शाबा’ एवढं तोंडातून आलंही होतं. तेवढ्यात औषधवाल्याने हात वर केला. आमच्या दाराच्या नंबराने भागून बघितलंत का, म्हणे. गणितातलं ओ की ठो कळत नाही, सहज गंमत म्हणून विचारलं! मी म्हटलं, गरज वाटली नाही. सासऱ्यांनी खडू उचलला. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य. मास्तर लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खुर्च्या मीच उचलल्या.

२५ मार्च
कालचा प्रकार निव्वळ तांत्रिक. बाकी सगळ्या आकड्यांपुढे माझी संख्या ताठ उभी राहिली, ते कुणी बघत नाही. मत्सरी लोक. पुढच्या वेळी एक कोटी एक घेतो. बायको म्हणाली, आधी अकराने भागून बघा. बघितलं. जाऊ दे.

सासरे आलेत. वर नाही, खाली, औषधवाल्याकडे चहाला. बायकोही तिकडेच. मी गॅलरीत उभा आहे. आत्ताच सासऱ्यांचा आवाज आला, खणखणीत, पूर्ण ‘शाबास’.

कुंड्यांना आज पाणी घातलं नाही.