रुद्राणीच्या दाढेचा स्वच्छ फोटो

४ जून २००२, गेवराई
बी.एस्सी. सोडल्याचा पश्चात्ताप आज संपला. फिजिक्सच्या सरांपुढं जर्नल आपटून निघालो तेव्हा सगळे म्हणाले, अजिनाथ वाया गेला. आज अख्ख्या तालुक्यात दाताचा कॉम्प्युटर एक्स-रे काढणारा मी एकटा. सेन्सर तोंडात, बटण दाबलं की दाढ स्क्रीनवर.
डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता लावलाय, कुठल्या दाताला किरणांचा टायमर किती. म्हणाले, त्यात बदल करायचा नाही. दोन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले तर फरक दाढेतला दिसला पाहिजे, तुझ्या मूडमधला नाही.
ठीक. तक्ते नवशिक्यांसाठी असतात.

११ जून
कापड दुकानवाल्या केदारनाथशेठची रुद्राणी आली. खालची उजवी दाढ, रूट कॅनाल. फोटोत मुळाशी काळा डाग, म्हणजे पू. महिन्यानं पुन्हा फोटो, डाग गेला असेल तर कॅप.
मी म्हणालो, हलू नका. हलली नाही. एवढा विश्वास उगीच टाकत नाही कुणी.
संकल्प: एक, महिन्याभरात तिच्याशी बोलायचं. दोन, चिडायचं नाही.

१९ जून
जनरेटरवाल्या सिदूशी भांडण. व्होल्टेज पडलं की फोटोवर रेती सांडल्यासारखे दाणे येतात. तो म्हणतो, जनरेटर बरोबर हाय, तुझंच डोकं लई गरम होतंय बे.
संकल्प दोन उद्यापासून.

१२ जुलै, सकाळी ११
ती आली. टायमर तक्त्याच्या निम्म्यावर आणला. तिला कावून जास्त किरण लागावेत?
किरण कमी पडले, फोटोत नुसते दाणे. सॉफ्टवेअरमध्ये 'स्मूथ' मारलं. तीनदा. दाढ अशी गुळगुळीत झाली की फ्रेम करून लावावी. डागही गेला. मूळ फोटोवरच सेव्ह केलं.
डॉक्टर खूश. लगेच कॅपचं माप घेतलं. जाताना ती हसली. एकाच बाजूनं, पण हसली.
बोलायचं राहिलं. पेशंट लई होते.

२६ जुलै
नव्या कॅपसकट गाल सुजवून आली. ताप. तिची आई चंद्रभागाबाई पदर तोंडाला लावून बसलेली. डॉक्टरांनी स्वतः फोटो काढला, तक्त्याप्रमाणे. डाग दुप्पट. दाढ वाचणार नाही म्हणाले. मी काढलेला फोटो शेजारी ठेवून बघितला. मूळ फोटो मागितला. उरला नाही म्हणालो. व्होल्टेजवर ढकललं. रुद्राणीच म्हणाली, नवीन मशीन हाय, चुकत असंल.
किती समजूतदार. ठरलं, तिला खरं सांगायचं. विरघळेल.

२९ जुलै
औषधाला आली होती. बाकावर एकटी. सांगितलं: तुम्हाला किरण कमी लागावेत म्हणून टायमर कमी केला, फक्त तुमच्यासाठी. तिनं विचारलं, बाकीच्यांना बरोबर देता? म्हणालो, एकदम तक्त्याप्रमाणे.
"मग मलाबी त्यांच्यासारखंच धरायचं होतं की, दादा."
दादा म्हणायची इकडं रीतच आहे. कंडक्टरलाही म्हणतात.

३ ऑगस्ट
सिदूशी भांडताना सगळं बोलून गेलो. त्यानं डॉक्टरांना सांगितलं. टायमरवर आता चिकटपट्टी आणि माझ्या हातात ट्रे.
आज तिची दाढ काढली. ती डोळे मिटून होती, ट्रे कुणी धरलाय ते तिनं पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, धुऊन आण.
नळाखाली धुतली. मुळाला तुरीएवढी पुवाची पिशवी लटकलेली.
नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.