हात न लावलेला फोटो

३ फेब्रुवारी
उजवा डोळा पुन्हा जड. दुखत नाही, खुपत नाही. पण फोटोला समोर बसलेल्या एका गिऱ्हाइकाची दोन दिसतात! "हनुवटी खाली घ्या" म्हणते — दोघांपैकी कुणाला, देव जाणे. दादा म्हणतो, उन्हात फिरू नकोस. आला मोठा डॉक्टर!

११ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटली. आत गुलाबी, मऊ गाठ. डोळा चार मिलिमीटर पुढे आलाय म्हणे. "कधीपासून? आरशात रोज बघून कळत नाही. जुने फोटो आणा."
आमचाच फोटो स्टुडिओ, फोटोंना काय तोटा! मी काढते, दादा कॉम्प्युटरवर सुधारतो. माझे वीस फोटो नेले. सगळ्यांत डोळे अगदी सारखे.
"म्हणजे हे एकाएकी वाढलंय," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहराच उतरला.

१२ फेब्रुवारी
एकाएकी. दिवसभर तोच शब्द.

१४ फेब्रुवारी
मूळ फाईली उघडल्या, दादाचा हात लागायच्या आधीच्या. तीन वर्षं! तीन वर्षं डोळा बाहेर येतोय आणि हा मेला दर वेळी तो आत ढकलतोय.
"अगं, सगळ्यांचेच डोळे सारखे करतो. हातच तसा बसलाय." मग मान खाली घालून, "तुला वाईट वाटलं असतं."
असा संताप आला! आईची शपथ घ्यायला लावली — यापुढे माझ्या फोटोला हात लावायचा नाही.

२ मार्च
गाठीचा तुकडा तपासून आला. लिम्फोमा. डोळ्याच्या खोबणीतला कॅन्सर. "पण सावकाश वाढणारा. मूळ फोटो आणलेत ते बरं केलंत." बाकी अंग स्कॅनमध्ये साफ. आता पंधरा वेळा किरणं.
दादा दवाखान्याच्या बाकावर ढसाढसा रडला. मीच त्याला पाणी दिलं.

२८ मार्च
तोंडावर जाळीचा मुखवटा, टेबलाला आवळलेला. हलायचं नाही! जन्मभर लोकांना हेच सांगत आले.

९ जून
डोळा जागेवर! दुसऱ्या डोळ्यातही कॅन्सर येऊ शकतो, म्हणाल्या बाई. दर आठवड्याला सरळ फोटो काढा, जरा फरक दिसला तरी लगेच या. हे काम दादाने घेतलंय. फोटो काढतो, छापतो, भिंतीला लावतो.

२० सप्टेंबर
पंधरा फोटो ओळीने. डावा डोळा जड वाटतोय. दादा म्हणाला, "फोटो बघ की! काय झालंय त्याला?" खरंच, काही नाही. उगाच घाबरते मी.

५ ऑक्टोबर
दादा बाहेर गेलाय. मूळ फाईली उघडल्या.
डावा. जुलैपासून.