नामदेवकाकांनी घासलेला कोपरा

आदरणीय नामदेवकाका,

उद्या सकाळी नव्या इंजिनिअरांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. उदाहरण म्हणून साहेबांनी ट्रॅक्टरच्या टाकीचा जुना अहवाल काढून दिला. त्यात पत्रा फाटण्याचे कारण आजही तेच आहे: ‘डायचा कोपरा सदोष घासला गेला.’ पुढे तुमचे नाव. हा कागद हाती घेऊन मी उद्या कशी उभी राहू? म्हणून तुम्हाला लिहीत आहे.

हिंगण्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले तेव्हा कोणाशी बोलावे हेच मला कळत नसे. मराठी शाळेतून तालुक्यात पहिली आलेली मुलगी इंग्रजी बैठकीत मान खाली घालून बसे. पत्रा दाबायचे साचे घासण्याच्या डाय-रूममध्ये मात्र, अंगठा फिरवून साच्यातला दोष ओळखणारे तुम्ही माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवत असा. “बस वं पोरी. तुह्या कंप्यूटरवरचा पत्रा तं न फाटता दाबल्या जाते. आमच्या प्रेसले बी शिकव ना तसं.” कारखान्यात मी हसले ती तेवढ्याच जागी.

टाकीच्या कामात तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता. “नस कोन्या बाजूनं धरली वं?” पत्रा लाटला जातो त्या दिशेला तुम्ही नस म्हणत असा. नसेच्या दिशेने आणि तिला आडवी ओढ सहन करण्याची पत्र्याची ताकद सारखी नसते, हे मी पुस्तकात वाचले होते. “बरोबर धरली आहे, काका,” मी न तपासताच म्हणाले. संगणकाने दाबून दाखवलेला सगळा पत्रा पडद्यावर हिरवा, म्हणजे सुरक्षित, दिसत होता.

प्रत्यक्ष प्रेसवरच्या चाचणीत एकामागून एक पत्रा एकाच कोपऱ्यात फाटला. “कोपरा म्याच घासला साहेब. हात फिरवून पाहा ना,” तुम्ही म्हणालात. कोणीही हात फिरवला नाही. मीही नाही. सगळे माझ्या हिरव्या पडद्याकडे पाहत होते.

त्याच दुपारी मी फाइल पुन्हा उघडली. नसेची दिशा मी नव्वद अंशांनी चुकवली होती. ती सुधारताच नेमका तो कोपरा लाल झाला. मी फाइल जतन न करता बंद केली.

तुम्हाला डाय-रूममधून काढून स्टोअरमध्ये बसवले. तरी कंपनीच्या बसमध्ये तुम्ही माझ्यासाठी जागा धरलीत, आणि वर मलाच समजावलेत, “मीटिंगमदी दबून नको राहू वं. इतकी हुशार हायेस, बोलत जा.” सारे ओळखून म्हणालात का हो? की खरेच माझी काळजी वाटली? विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तुमच्या तेरवीला काकू म्हणाल्या, “सोताचा अंगठा पाहत राहत ते. म्हनत, आता ह्याले काई समजत नाही.” काका, त्या अंगठ्यावरचा विश्वास तुम्ही का सोडलात? पण तुम्हाला हे विचारणारी मी कोण? तो तर मीच हिरावून घेतला. त्या दिवशीही मी जेवून, काकूंना नमस्कार करून निघून आले.

अहवाल दुरुस्त करावा असा अर्ज आजच साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. तो मान्य होवो वा न होवो, उद्या वर्गात मी हिरवे आणि लाल अशी दोन्ही चित्रे लावीन आणि चुकीपुढे माझे नाव लिहीन. संध्याकाळी तुमच्या घरी जाईन. त्यानंतर काकू कदाचित मला दारात उभी करणार नाहीत. तरीही त्यांच्यासमोर बसून सांगेन, की तुमच्या हाताला सगळे समजत होते; चूक माझी होती, आणि लपवलीही मीच.

तुमची अपराधी,
पल्लवी